बॉनेटवरचं कुंकू

सेजलची गाडी अंगणात आली आणि भाग्यलक्ष्मीच्या कपाळात ठणका सुरू झाला. खरं तर गाडी घ्यायचं ठरलं तेव्हापासूनच तिचं डोकं अधूनमधून दुखत होतं, पण पाडव्याच्या दिवशी ते अगदी मुहूर्त साधून दुखलं. गडद निळी, कोरी करकरीत गाडी पेडण्यातल्या वारखंडच्या उतारावरून खाली आली, आणि ती चालवत होतं कोण, तर सेजल स्वतः. तिचा नवरा सर्वेश बाजूच्या सीटवर मांडीवर नारळ घेऊन शहाण्या मुलासारखा बसला होता.

सेजल ही भाग्यलक्ष्मीची धाकटी जाऊ. मोपाला विमानतळ झाला, तिथे हिला नोकरी लागली, आणि तेव्हापासून या बाईनं एकेक वस्तू घरात आणायचा सपाटाच लावला होता. बरं, वाईट वागली असती तरी सोय होती. ती वाईटही वागत नव्हती. पगार झाला की सासूला काहीतरी, भाग्यलक्ष्मीला काहीतरी, म्हणजे परत तोंड उघडायची चोरी. मागच्या चतुर्थीला तिनं दिलेल्या साडीची भाग्यलक्ष्मीनं अजून घडी मोडली नव्हती. रंग आवडला नाही असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. रंग तिला फार आवडला होता.

भाग्यलक्ष्मी डिचोलीकडची, सुर्ल्याची. खाणी जोरात होत्या तेव्हा तिच्या बापाच्या दारात माल वाहणारे टिपर उभे असत आणि अंगणातल्या तुळशीची पानंसुद्धा खनिजाच्या धुळीनं तांबडी दिसत. ती धूळ म्हणजे श्रीमंती, अशी त्या वेळची समजूत. पेडण्याला मुलगी दिली म्हणून सुर्ल्याच्या बायका हळहळल्या होत्या. पेडण्यात तेव्हा होतं काय, काजू आणि कातळ! आणि मग काय झालं? खाणी बंद पडल्या, टिपर गंजले, भंगारात गेले, आणि ज्या कातळाला तिनं नाकं मुरडली त्याच कातळावर विमानं उतरायला लागली. भाग्यलक्ष्मीचा नवरा गोकुळदास वीज खात्यात होता, जुन्या स्कूटरवर खूश होता. सगळा फायदा कोणाला झाला, तर काल आलेल्या सेजलला. देवाचा हा अन्याय भाग्यलक्ष्मीनं कधी माफ केला नाही.

तिच्याकडे एकच गोष्ट होती जी सेजलकडे नव्हती. तिच्या हाताला गुण आहे असं अख्ख्या वाडीचं मत होतं. तिनं पूजलेली स्कूटर कधी घसरली नाही, तिनं ओटी भरलेली पोर सुखरूप बाळंत झाली, अशा गोष्टी बायका एकमेकींना सांगत. कोणाच्या घरी साधा मिक्सर आला तरी आधी भाग्या वयनीला हाक. हा मान पगारावर मिळत नव्हता, आणि तो नसता तर ती त्या घरात कशी राहिली असती हे तिचं तिलाच माहीत.

म्हणून गाडी सेजलची असली तरी पूजा भाग्यलक्ष्मीची, यात कोणाला शंका नव्हती.

"वयनी, आरत तुमीच करूची," गाडीतून उतरता उतरता सेजल म्हणाली. "तुमच्या हाताशिवाय मी गाडी आत घालूचंय नाय."

"करतंय गो. तुमी आत जावा, पाणी पिया. मी ताट भरतंय," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि गोड हसली. ठणका डोळ्यांपर्यंत आला होता.

सगळे आत गेले. अंगणात ती आणि गाडी, दोघीच उरल्या. तिनं गाडीला एक फेरी मारली. मत्सर करणारं माणूस जितकं बारीक बघतं तितकं जगात कोणी बघत नाही. सेजलनं शोरूममध्ये गाडीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला होता, सर्वेशनं टायरवर टिचक्या मारल्या होत्या. भाग्यलक्ष्मीनं गाडी बघितली. काचा बघितल्या, आरसे बघितले, दाराच्या फटी बघितल्या. माडांमधून उतरतं ऊन बॉनेटवर तिरकं पडलं होतं, आणि तिथे, डाव्या दिव्याच्या वर, तिला ते दिसलं.

तळहाताएवढा एक गोल. तिथला निळा बाकीच्या निळ्याला किंचित चुकलेला. चकाकी मंद, आणि बोट फिरवलं तर रंगाखाली रव्यासारखी खरखर. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. पण ती टिपरवाल्याची मुलगी. दार ठोकलं की खड्ड्यात लुकणाचा लगदा भरून वर रंग मारायचा, आणि दसऱ्याला गाडी पूजेला उभी केली की ते ठिगळ तिरक्या उन्हात कसं उठून दिसतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. ही नवीकोरी गाडी कुठेतरी घासली होती आणि कोणीतरी गुपचूप रंगवून ती सेजलच्या गळ्यात मारली होती.

ठणका गेला. अगदी थांबलाच. भाग्यलक्ष्मीला इतका आनंद झाला की स्वतःची मुलगी शाळेत पहिली आली तेव्हाही इतका झाला नसेल. तिनं कमरेचा फोन काढला, ठिगळाचा जवळून फोटो घेतला आणि तिथल्या तिथे सुर्ल्याला बहिणीला, गौरवीला, पाठवला. खाली लिहिलं, 'बघ, नवी कोरी आणि आदीच ठिगळ.' गौरवीकडून लगेच हसून लोळणारे चेहरे आले.

एवढ्यात मंडळी बाहेर आली. भाग्यलक्ष्मीनं गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, ओवाळलं, आणि तबकातल्या वाटीत बोट बुडवलं. कुंकू खोबरेल तेलात कालवायची तिची रीत होती, म्हणजे ते वाऱ्यानं उडत नाही. आज सांगितलं तर आज गाडी परत जाईल आणि सेजलला दुसरी, चांगली मिळेल. महिन्याभरानं कळलं तर कोण परत घेतो? इतका सरळ विचार तिनं काही केला नाही. पण बोटाला बरोबर कळलं. ते बॉनेटच्या मध्यावरून सरकत सरकत डावीकडे गेलं आणि त्या गोलावरच त्यानं स्वस्तिक काढायला घेतलं.

"मदी काढ गो, मदी," सासू म्हणाली.

"आमच्या सुर्ल्याक डाव्या बाजूकच काढतत, आई."

सुर्ल्याला असं काही काढत नाहीत. पण सुर्ल्याचं नाव काढलं की सासू गप्प बसायची, तशी बसली. नारळ फुटला. स्वस्तिकाखाली ठिगळ झाकून गेलं. वर सासूनं बजावलं की देवाचं लेणं माणसानं पुसायचं नसतं, ते जाईल तेव्हा आपोआप जाईल. सेजलनं मान डोलावली. मोठी विमानतळावर इंग्रजी बोलणारी, पण सासूपुढे मान डोलवायची.

चैत्र होता. गाडी दिवसभर विमानतळाच्या उघड्या वाहनतळावर उभी राहायची आणि कुंकवाचं तेल बॉनेटवर तळत राहायचं. इकडे भाग्यलक्ष्मी वाट बघत राहायची. सेजल रोज विचारायची, "वयनी, बाजारात सोडू?" आणि ही रोज म्हणायची, "नको गो, माका चालूक बरा वाटता." उन्हात चालायला कोणाला बरं वाटतं? पण त्या सीटवर बसणं म्हणजे हार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. वळणावर निळी गाडी हॉर्न वाजवून पुढे जायची आणि ही छत्री आडवी धरायची.

शेवटी एका रविवारी सेजलनं गाडी धुवायला काढली. स्वस्तिक आता फिकट झालं होतं, म्हणून तिनं त्याला हात जोडले आणि ओल्या फडक्यानं अलगद पुसलं. फडक्यासोबत निळा रंग निघाला. भाकरीचा पोपडा सुटावा तसा तो उचलला गेला आणि खाली राखाडी पत्रा दिसायला लागला.

सेजलनं मारलेली हाक ऐकून सगळे धावले. भाग्यलक्ष्मी सर्वांत शेवटी बाहेर आली, कारण तिला चेहरा नीट करायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सर्वेशला कामावरून सुट्टी मिळाली नाही. "वयनी, तुमी चला माझ्यावांगडा," सेजल म्हणाली. "कुंकू कसला होता ता विचारतले. माका काय सांगूक जमाचा नाय." अशा रीतीनं भाग्यलक्ष्मी पहिल्यांदा त्या गाडीत बसली. सीट मऊ होती. हे तिला आवडलं नाही.

म्हापशाच्या शोरूमात संदीप नावाचा गोरागोमटा मुलगा बाहेर आला. यानंच पाडव्याला सेजलच्या हातात किल्ली देऊन टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानं बॉनेटजवळ वाकून बघितलं, वास घेतला आणि शोरूमातल्या शुद्ध मराठीत विचारलं, "पूजेचं काही लावलं होतं का मॅडम?"

"कुंकू," सेजल म्हणाली. "तेलात."

"मग झालं! हल्लीच्या कुंकवात केमिकल असतं. वर तेल, वर हे ऊन. रंग उठणारच. पूजेचे डाग वॉरंटीत बसत नाहीत. कोणी लावलं होतं?"

सेजलची नजर एक क्षण भाग्यलक्ष्मीकडे गेली, आणि संदीपला कळलं. तो भाग्यलक्ष्मीला समजावायला लागला, की काकी, श्रद्धा आहे ते ठीक, पण रंगाला हळद-कुंकू बाधतं, पुढच्या वेळी काचेवर लावा. लहान पोराला काडेपेटीशी खेळू नको सांगावं तसा त्याचा स्वर होता.

भाग्यलक्ष्मीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं कुंकू! ज्या कुंकवानं वाडीतल्या सगळ्या गाड्या पूजल्या, एकीचा रंग गेला नाही, त्या कुंकवाला हा मुलगा केमिकल म्हणतो! आणि तो खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं. पर्समध्ये फोन होता, फोनमध्ये फोटो होता, पाडव्याचा, पूजेच्या आधीचा, कुंकवाचा ठिपकाही नसलेला. तो नुसता समोर धरला असता तर याची शुद्ध मराठी तिथेच आटली असती. पण मग सेजलनं विचारलं असतं, वयनी, हा फोटो तुमच्याकडे कसा? तिनं पर्सची चेन घट्ट लावली आणि बाहेरच्या रस्त्याकडे बघत बसली.

बातमी वाडीभर झाली. आणि इथे भाग्यलक्ष्मीच्या सगळ्या हिशेबाला उलटी कलाटणी मिळाली. तिला वाटलं होतं, गाडी बिघडली म्हणजे सेजलचा तोरा उतरेल. झालं भलतंच. चांगली गाडी बघायला जेवढी माणसं आली नव्हती तेवढी बिघडलेली बघायला आली. बायका पोपड्यावरून हात फिरवत आणि सेजलच्या पाठीवरून हात फिरवत. सेजलच्या माहेरून फोन, ऑफिसातून फोन, एकीनं तर दृष्ट काढायला मीठ-मिरच्या आणल्या. भाग्यलक्ष्मी चहा करून करून थकली. नव्या गाडीचा कौतुकसोहळा संपला म्हणेपर्यंत आता डागाचा सुरू झाला होता, आणि भाग्यलक्ष्मीला त्या डागाचाही हेवा वाटायला लागला. आपलं काही एवढं नामी कधी बिघडलं नाही, असं तिला वाटलं.

जाताना प्रत्येक बाई तिच्याकडे बघायची. बोलायचं कोणी नाही, पण बघायचं. सासू एवढंच म्हणाली, "तेल जरा कमी घालूचा होता गो, भाग्या."

मग पलीकडच्या घरातल्या विठूनं विमानतळावर धंदा करायला टॅक्सी घेतली. पांढरी गाडी सकाळी आली, भाग्यलक्ष्मीनं खिडकीतून पाहिली. तिनं लगेच डोकं धुतलं, नऊवारी नाही पण ठेवणीतली साडी काढली, तेलात कुंकू कालवलं (तेल जरा कमीच घातलं) आणि हाकेची वाट बघत बसली. हाक आली. विठूची बायको दिपाली दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सेजल आसा काय गो? आरतीक बोलवूक इलंय."

सेजल गोंधळली. भाग्यलक्ष्मीकडे बघून म्हणाली, "वयनी आसत मां..."

"वयनी आसतच," दिपाली म्हणाली. "पण ह्या वेळेक तू ये."

सेजल गेली. तिच्या मागून सासूही गेली. भाग्यलक्ष्मी सोप्यावर कुंकवाची वाटी घेऊन बसून राहिली. गाडी गेली, पगार गेला, साड्या गेल्या, ते सगळं ठीक. ते तिचं कधी नव्हतंच. पण हे तिचं होतं. हे एवढंच होतं! तिला पलीकडून सासूचा आवाज ऐकू आला, "डाव्या बाजूक काढ गो, डाव्या! भाग्याची सुर्ल्याची रीत ती!"

म्हणजे तिचा हात नको, पण तिची थाप पाहिजे. भाग्यलक्ष्मी ताडकन उठली. वाटी तिथेच लवंडली. फोन हातात घेऊन ती कुंपण ओलांडून विठूच्या अंगणात शिरली तेव्हा सेजल एका हातात तबक आणि एका बोटावर कुंकू घेऊन पांढऱ्या बॉनेटवर वाकली होती.

"रव!" भाग्यलक्ष्मी ओरडली. "माझ्या हातान रंग गेलो म्हणतास ना? हयसर बघा! पाडव्याचो फोटो. कुंकू लावच्या आदी काडलेलो. रंग आदीच खराब होतो. गाडीच ठिगळाची होती! माझ्या हाताक दोष नाय, समाजला?"

फोन हातोहात फिरला. विठूनं तो उन्हात तिरका धरून बघितला. निळं बॉनेट, मंद गोल, कडेला माडाची सावली, आणि कुंकू कुठेच नाही. "खरांच गे," तो म्हणाला. बायका कुजबुजल्या. भाग्यलक्ष्मीची छाती वरखाली होत होती. तिला जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं दिपालीनं तोंड उघडेपर्यंत टिकलं.

"मगे वयनी," दिपालीनं अगदी साधेपणानं विचारलं, "त्याच दिसा तुमी सांगूक कित्याक नाय?"

हा प्रश्न शोरूममध्ये तिला सुचला होता, घरात सुचला होता, पण कुंपण ओलांडताना रागाच्या भरात ती नेमका तोच विसरली होती. सासूची नजर फोनवरून तिच्या तोंडावर आली आणि तिथेच थांबली. जमीन दुभंगली असती तर भाग्यलक्ष्मी त्यात खुशीनं गेली असती.

"माका सांगलेला तेनी," सेजल म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"त्याच दिसा सांगलेला. मीच म्हटलंय, पाडव्याचो मुहूर्त मोडूक नको, पूजा होवंदे, मगे बघूया. आणि मगे माझ्याच ध्यानात रवूक नाय." सेजल हे बोलली आणि तिनं तबक भाग्यलक्ष्मीच्या पुढे केलं. "वयनी, ह्या धरा. माका काय नीट येयत नाय."

वाडी काही खुळी नव्हती. कोणी पूर्ण विश्वास ठेवला असेल असं नाही. पण घरची माणसं एकमेकींना सावरून घेत असताना बाहेरच्यानं किती उकरायचं, हे वाडीला कळत होतं. दिपालीनं पदर सावरला आणि म्हणाली, "तर मगे वयनींनीच करा." भाग्यलक्ष्मीनं ओवाळलं. स्वस्तिक तिनं मध्यभागी काढलं, आणि सासूनं विचारलं नाही की का.

तिचा मान तिला परत मिळाला होता. आणि तो सेजलनं दिला होता, सगळ्यांच्या देखत, एखादी जुनी साडी द्यावी तसा. मागे बायका हळू आवाजात म्हणत होत्या, कसली समजूतदार पोर! भाग्यलक्ष्मीनं दातांवर दात ठेवले. मोठेपणसुद्धा तिनंच नेलं. आता एवढंच राहिलं होतं, तेही नेलं.

परतताना कुंपणाजवळ सेजल थांबली. आता तिचा चेहरा अंगणातल्यासारखा शांत नव्हता.

"माका राग येवक नाय असा समजू नकात, वयनी. खूप इलो. पण घरातला लोकांच्या अंगणात कित्याक सांडूचा?" तिनं बोटावर राहिलेलं कुंकू कुंपणाला पुसलं. "तुमी सांगलास असतास तर मी त्याच पावली गाडी परत नेलंय असतंय."

"म्हायत आसा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "म्हणानच सांगूक नाय."

हे कसं तोंडातून निघालं तिचं तिला कळलं नाही. सेजलनं तिच्याकडे बघितलं. रडेल असं वाटलं, पण तिनं नाक पुसलं आणि एकदम वेगळंच बोलली. "आज दिपाली बोलवूक इली ना, माका इतका बरा वाटला. ह्या घरात येवन इतकी वर्सा झाली, पण आरतीक कोणी बोलावलेला आजच. कायम भाग्या वयनी, भाग्या वयनी." मग ती पुढे चालायला लागली. "फोटो माका धाडा."

भाग्यलक्ष्मी कुंपणाशी उभीच राहिली. सेजलला आपला हेवा वाटत होता? विमानतळवालीला, गाडीवालीला? इतक्या वर्षांत ही एवढी चांगली बातमी तिला कोणीच दिली नव्हती. तिनं फोटो पाठवला. आधी खालची ओळ नीट पुसली, मग पाठवला.

फोटो बघून संदीपची शुद्ध मराठी खरोखरच आटली. तारीख होती, वेळ होती, कुंकू नव्हतं. आतून मॅनेजर आला, मग मॅनेजरचा मॅनेजर आला. गाडी कंटेनरमधून उतरवताना घासली होती आणि यार्डातच रंगवली होती हे दोन-चार फेऱ्यांनंतर बाहेर पडलं. बदली गाडी द्यायचं कबूल झालं.

ती घ्यायला जायच्या दिवशी सर्वेश नवा शर्ट घालून तयार झाला. सेजल त्याला म्हणाली, "तू रव घरी. माझ्यावांगडा वयनी येतली." आणि भाग्यलक्ष्मीला म्हणाली, "चला. तुमच्याइतक्या बारीक बघूक कोणाकच जमना नाय."

यात टोमणा किती आणि खरं किती हे भाग्यलक्ष्मीला रस्ताभर ठरवता आलं नाही. पण ती साडी नेसली होती ती सेजलनं दिलेली, रंग आवडलेली.

शोरूमच्या मागे नवी निळी गाडी उभी होती. "सावलीत नको. उन्हात आणा. तिरकी लावा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. संदीपनं मुकाट्यानं लावली. तिनं फेरी घातली, बोट फिरवलं, वाकली, उठली. मागच्या दाराच्या कोपऱ्यात रंगाखाली एक केस अडकला होता. ब्रशाचा की माणसाचा कोण जाणे. तो दिसला आणि तिच्या मनात ती जुनी उकळी आली, पाडव्याला आली होती तीच, तसूभर कमी नाही. फक्त या वेळी ती तोंडातून बाहेर पडली. "सेजल! हयसर बघ! केस!"

संदीपनं दुसरी आणली. तिच्या पेट्रोलच्या झाकणाखाली रंगाचा ओघळ होता. "ओघळ!" भाग्यलक्ष्मी जवळजवळ ओरडलीच. तिचा चेहरा इतका फुलला होता की शोरूममधली मुलं बघायला जमली. सेजल हसायला लागली, आणि भाग्यलक्ष्मीही हसली, पण दोघी एकाच गोष्टीला हसत नव्हत्या.

मग तिसरी आली.

भाग्यलक्ष्मीनं तिला एक फेरी मारली, मग दुसरी. छप्पर बघितलं, दारं उघडून कडा बघितल्या, गुडघे टेकून खालची पट्टी बघितली. ऊन तिरकं पडलं होतं, तरी रंग समुद्रासारखा एकसंध निळा होता. ती परत बॉनेटपाशी आली, डाव्या दिव्याच्या वर तळहात ठेवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. गुळगुळीत होतं. सगळीकडे गुळगुळीत होतं. ही गाडी आता उद्यापासून रोज वळणावर हॉर्न वाजवत जाणार होती आणि तिच्यावर कुठेही, कधीही, काहीही सापडणार नव्हतं.

"काय, वयनी?" सेजलनं विचारलं.

इतकं वाईट भाग्यलक्ष्मीला बापाचा शेवटचा टिपर भंगारात गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

"काय नाय गो," ती म्हणाली आणि हात उचलला. "काय एक नाय. घे."